'फेअर' तत्त्वं: डेटा सापडेल, पण मांडणार कोण?

रिसर्चकडे वळणार असाल तर 'फेअर' हा शब्द कानावर पडणारच. २०१६ साली 'सायंटिफिक डेटा' या जर्नलमध्ये आलेला तो पेपर जरूर वाचा. डेटा सापडावा, मिळावा, दुसऱ्या डेटाशी जुळावा, पुन्हा वापरता यावा, यासाठी त्यात १५ तत्त्वं दिलीत. मला सगळ्यात पटलेलं: डेटा उरला नाही तरी त्याची माहिती, म्हणजे मेटाडेटा, उरला पाहिजे. (आणि हो, फेअर म्हणजे सगळ्यांना खुला नव्हे, परवानगीने मिळणारा डेटाही त्यात बसतो.)

खटकतं ते वेगळंच. पेपर उदाहरण देतो प्रोटीन डेटा बँकेचं. ही बँक १९७१ची. पुढे जर्नल्सनी रचना जमा केल्याशिवाय पेपर छापायचं थांबवलं, म्हणून तिथे सवय लागली. शिवाय प्रोटीनच्या रचनेचा फॉरमॅट ठरलेला. जंगलात झाडांचे घेर मोजणाऱ्याचं काय? त्याच्या एक्सेलमध्ये कॉलमचं नाव 'जी२', एकक कुठेच नाही, झाडांची नावं स्थानिक बोलीत. हे दुसऱ्याला कळेल असं मांडायला आठवडे जातात. ते कुणाच्या फेलोशिपमधून? त्या १५ तत्त्वांत याचं उत्तर नाही.

तुम्ही पीएचडीचं प्रपोजल लिहिताय ना? मग वेळापत्रकात या आठवड्यांची ओळ आत्ताच टाका, आणि गाइडना दाखवा.