ग्रंथालयाचा तास आणि शोधाचा शब्द

पदवीच्या वर्गाला ग्रंथालयात नेऊन संशोधनाची ओळख करून देण्याची प्रथा आता तालुक्याच्या गावापर्यंत पोचली आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पदवीच्या विद्यार्थ्याकडूनही संशोधनाची अपेक्षा केली, तेव्हा हे होणारच होते. देवळी परिसरातल्या अशाच एका तासाला मी मागच्या बाकावर बसलो होतो. महाविद्यालयाचे नाव सांगण्याचे कारण नाही. इतरत्र फारसे वेगळे घडत असेल असे वाटत नाही. कपाटे दाखवून झाली, दंडाचे नियम सांगून झाले, संगणकावर 'शोधगंगा' उघडून झाली. भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या तसबिरीकडे बोट करून ते किती वाचत हेही सांगितले गेले. शोधायचे कसे, हे मात्र राहून गेले.

एका मुलीने विषय घेतला होता वर्ध्याच्या लक्ष्मीनारायण मंदिराचा. जमनालाल बजाजांनी १९२८ मध्ये ते अस्पृश्यांना खुले केले. देवळीच्या मुलीला हा विषय घरचाच. तिने संगणकात 'दलित' हा शब्द घातला; कामाचे काही आले नाही. 'साहित्य उपलब्ध नाही' असे वहीत लिहून ती मोकळी झाली आणि त्यावर सहीही मिळाली!

दोष तिचा नाही. आज आपण ज्यांना दलित म्हणतो, त्यांना त्या काळच्या कागदांत बहुधा दुसरीच नावे आहेत. सरकारी दप्तरात 'डिप्रेस्ड क्लासेस', गांधींच्या लेखनात 'अंत्यज', बाबासाहेबांच्या पत्रात 'बहिष्कृत'. 'हरिजन' हा शब्द गांधींनी १९३२ पासून रूढ केला, त्या नावाचे साप्ताहिक १९३३ मध्ये निघाले. तरी पुढच्या लेखनात १९२८ चे मंदिरही 'हरिजनांना' खुले झालेले दिसते. १९३५ च्या कायद्याने 'शेड्यूल्ड कास्ट्स' आणले. १९०६ चे वर्धा गॅझेटियर किंवा रसेल-हिरालाल यांचे १९१६ चे ग्रंथ चाळायचे तर थेट जातीचे नाव, तेही तेव्हाच्या इंग्रजी हिज्जांत शोधावे लागते. म्हणजे आधी साल, मग त्या सालाचा शब्द, आणि मग शोध. एवढे जो तास शिकवीत नाही तो कपाटांची सहल होय.

तालिका ही निर्जीव यादी आहे, असे आपल्या प्राध्यापकांना वाटते. ड्यूईच्या वर्गीकरणात धर्मासाठी राखलेल्या २०० ते २९९ पैकी बहुतेक जागा ख्रिस्ती धर्माने व्यापली आहे. बौद्ध धम्म २९४.३ मध्ये अंग चोरून उभा आहे. ही मांडणी कोणी तरी केलेली आहे.

तसबिरीकडे बोट करणाऱ्यांनी 'द अनटचेबल्स' (१९४८) उघडले असते तर बरे झाले असते. १९११ च्या जनगणनेसाठी अस्पृश्यांना इतर हिंदूंपासून वेगळे काढणाऱ्या कसोट्या ठरल्या होत्या: वेदांचे प्रामाण्य नाकारणे, मंदिराच्या आत प्रवेश नसणे, गोमांस खाणे इत्यादी. बाबासाहेबांनी कोष्टकातले आकडे उचलून पुढची वाट धरली नाही. ते त्या कसोट्यांपाशीच थांबले, आणि गोमांसाच्या कसोटीवरून अस्पृश्यतेच्या उगमाची मांडणी केली. सरकारी कागद उलटा कसा वाचावा याचा ह्याहून चांगला पाठ मला ठाऊक नाही. तो ह्या तासात नव्हता.

आणखी एक अडचण आहे, ती तालिकेने सुटणारी नाही. किसन फागूजी बनसोडे यांनी नागपुरातून 'मजूर पत्रिका', 'चोखामेळा' अशी पत्रे चालविली. त्यांचे अंक तालुक्याच्या महाविद्यालयात कोठून असणार? ते असलेच तर कोणाच्या तरी माळ्यावर, पेटीत. तेव्हा संशोधनाचा तास वस्तीपर्यंत न्यावा लागेल, आणि हे काम एकट्या ग्रंथपालाचे नाही. कार्यकर्त्यांनीही त्यात उतरले पाहिजे.

त्या मुलीला मी शब्दांची यादी लिहून दिली. ती वाचून तिने विचारले, "सर, मंदिरात गेलेले लोक स्वतःला काय म्हणत होते?" मला उत्तर देता आले नाही. त्या वर्षीच्या वृत्तपत्रांपासून आरंभ करायचे आम्ही ठरवले आहे.