स्कलीबाईंचं खातं

‘द एक्स-फाइल्स’चा १९९५ सालचा ‘क्लाइड ब्रुकमन्स फायनल रिपोज’ हा भाग. त्यासाठी लेखक डॅरिन मॉर्गन आणि पाहुणा नट पीटर बॉइल, दोघांनाही १९९६ साली एमी मिळालं. बॉइलचा ब्रुकमन विमा विकतो आणि समोरचा कसा मरणार, हे त्याला आधीच दिसतं! आम्हा बी.कॉम.वाल्यांना वाटावं, धंद्याला याहून मोठं भांडवल नाही. पण गडी कायम दुःखी. स्कलीबाई विचारतात, मी कशी मरणार? हा म्हणतो, मरतच नाही तुम्ही. झालं! बाई अमर की काय, यावर प्रेक्षकांची भांडणं जुंपली. मला विचाराल तर, सगळ्यांचा शेवटचा आकडा ठाऊक असलेल्या माणसानं एका खात्यावर तो मांडला नाही, इतकंच. माया म्हणतात तिला. लेजरात ती सापडायची नाही.