पडद्यावरचा दिवा, टेबलावरचा दिवा

गेल्या वर्षी एका शाळेत आठवीच्या वर्गासमोर उभे राहण्याचा योग आला. विषय होता धाराविद्युत. वर्गात मोठा पडदा होता, इंटरनेटही चालू होते. मुलांनी पाळीपाळीने पुढे येऊन पडद्यावर विद्युतघट, दिवा आणि तारा ओढून आणल्या, एकमेकींना जोडल्या आणि दिवा लावून दाखवला. एकही मूल चुकले नाही. मग आम्ही पिशवीतून टॉर्चचे सेल, छोटे बल्ब आणि तारेचे तुकडे काढून पाच गटांना वाटले. दहा मिनिटांनी दोनच गटांचे बल्ब लागले होते. एका मुलीने विचारले, "सर, पडद्यावर तर लगेच लागतो, मग इथं का लागत नाही?"

प्रश्न लाखमोलाचा होता. ऑनलाइन शिक्षणाचे फायदे आणि मर्यादा यांबद्दल जे काही म्हणायचे आहे ते सगळे त्यात आले. म्हणून या लेखात ऑनलाइन शिक्षणाविषयी सर्वसाधारण विधाने करण्याऐवजी, त्या दिवशी वापरलेले एकच साधन आम्ही तपासायला घेत आहोत.

साधनाचे नाव 'फेट'. १९९५ साली अतिशीत अणूंचे बोस-आइनस्टाइन संघनित मिळवणाऱ्या आणि त्यासाठी २००१ चे नोबेल पारितोषिक वाटून घेणाऱ्या कार्ल वीमन यांनी अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठात २००२ मध्ये हा प्रकल्प सुरू केला. विज्ञान आणि गणितातील अनेक विषयांवरची सिम्युलेशन्स, म्हणजे पडद्यावर करून पाहायचे प्रयोग, त्यात विनामूल्य मिळतात. त्यांतली बरीच मराठीतही आहेत. एकदा उतरवून घेतली की ती इंटरनेटशिवाय चालतात, ही आपल्याकडच्या शाळांच्या दृष्टीने मोठीच सोय आहे. विद्युत परिपथ जोडण्याचा संच हा त्यांतला एक.

आधी गुण पाहू. दिव्याच्या अलीकडे जास्त विद्युतधारा असते आणि दिव्यात ती थोडी 'खर्च' होऊन पलीकडे कमी उरते, असे पुष्कळ मुलांना वाटते. मोठ्यांनाही वाटते. या संचात तारांमधून सरकणारे इलेक्ट्रॉन दिसतात. दिव्याच्या दोन्ही बाजूंना ते सारख्याच वेगाने सरकतात आणि दोन्हीकडे अॅमीटर लावला तर वाचनही तेच येते. जे खऱ्या तारेत कधीच दिसणार नाही ते इथे दिसते, आणि एक चुकीची समजूत मुळापासून हलते. दुसरे, परिपथ पूर्ण होताच सगळ्या तारांमधले इलेक्ट्रॉन एकदम हलू लागतात. धारा घटातून निघून दिव्याकडे 'पोहोचत' नाही, हे त्यातून सांगता येते. तिसरे, घटाची दोन टोके नुसत्या तारेने जोडली तर पडद्यावरचा घट पेट घेतो. वर्गात ज्या चुकीला आपण घाबरतो, ती इथे बिनधास्त करून पाहता येते.

हे फायदे केवळ कल्पनेतले नाहीत. कोलोरॅडोतच पदवीच्या विद्यार्थ्यांवर केलेला एक अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. काही विद्यार्थ्यांनी परिपथाचे प्रयोग खऱ्या साहित्याने केले, काहींनी याच संचाने. नंतर सर्वांना खरे साहित्य देऊन परिपथ जोडायला आणि त्याचे स्पष्टीकरण लिहायला सांगितले. पडद्यावर शिकलेले विद्यार्थी खऱ्या तारा जोडण्यातही मागे पडले नाहीत, आणि त्यांची स्पष्टीकरणे सरस ठरली. आमच्यासारख्या प्रयोगशाळेत वाढलेल्या माणसांना हा निष्कर्ष पचायला जड जातो, पण तो मान्य केला पाहिजे. मात्र हे विद्यार्थी महाविद्यालयातले होते, त्यांच्या हातात विचारपूर्वक लिहिलेली प्रश्नपत्रिका होती आणि मदतीला मार्गदर्शक होते, हेही विसरता कामा नये.

आता आमच्या आठवीच्या वर्गाकडे परत येऊ. तीन गटांचे बल्ब का लागले नाहीत? पहिल्या गटाने तारेच्या टोकावरचे प्लास्टिक सोललेच नव्हते. दुसऱ्या गटाने दोन्ही तारा बल्बच्या बुडाशी असलेल्या एकाच ठिपक्याला लावल्या होत्या. तिसऱ्या गटाचा सेलच जुना आणि उतरलेला होता. या तिन्ही अडचणी पडद्यावर येत नाहीत. तिथली तार मुळातच सोललेली असते. बल्बला तार कुठे लावायची त्या दोन्ही जागा आधीच दाखवलेल्या असतात. त्या शोधाव्या लागत नाहीत. आणि सेल कधी जुना होत नाही. घटाचा अंतर्गत रोध वाढवण्याची सोय संचात आहे, पण ती मुद्दाम वापरावी लागते. न वापरली तर घट आदर्शच राहतो.

आणखी एक दोष मोजमापाचा आहे. पडद्यावरचे इलेक्ट्रॉन डोळ्यांना दिसतील अशा वेगाने धावतात. प्रत्यक्षात काय होते? एक चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेतून एक अँपिअर धारा जात असेल, तर इलेक्ट्रॉन सरासरी सेकंदाला सुमारे ०.०७ मिलिमीटर सरकतात. म्हणजे एक मीटर अंतर जायला पावणेचार तासांहून थोडा अधिकच वेळ लागतो! तरीही दिवा लगेच लागतो, कारण तारेत सगळीकडे इलेक्ट्रॉन आधीच हजर असतात आणि ते सर्व जवळजवळ एकाच वेळी हलू लागतात. शिक्षकाने हे सांगितले नाही तर मूल पडद्यावरचा वेग खरा समजून घरी जाईल. चित्र समजण्यासाठी काढलेले असते, मोजण्यासाठी नव्हे, हे सांगणे शिक्षकाचे काम आहे. ते काम पडदा करत नाही.

खरी चिंता मात्र याहून वेगळी आहे. तास संपल्यावर तिथल्या शिक्षकांनी सांगितले की पडदा आल्यापासून विज्ञानाचे कपाट क्वचितच उघडले जाते आणि नवे सेल, बल्ब मागवलेले नाहीत. "पडद्यावर सगळं होतंच की," असे त्यांना वरून ऐकावे लागले होते. ऑनलाइन शिक्षणाच्या वाढीचा धोका आम्हाला इथे दिसतो. जे साधन जोडीला यायला हवे ते बदली म्हणून येते.

या दोहोंत किती अंतर आहे हे गुजरातमधील एका अभ्यासाने दाखवले आहे. लहान मुलांना संगणकावर गणित शिकवण्याचा एक कार्यक्रम तिथे दोन प्रकारे राबवण्यात आला. २००८ साली मांडलेल्या निष्कर्षांनुसार, शाळेच्या वेळेत शिक्षिकेच्या तासांऐवजी संगणक आला तिथे मुले मागे पडली. शाळेनंतर जास्तीचा म्हणून आला तिथे मुलांना, विशेषतः अभ्यासात कच्च्या मुलांना, फायदा झाला. संगणक तोच, पाठही तेच. फरक होता तो त्याला दिलेल्या जागेचा.

वाढीचे आकडे वाचतानाही हे ध्यानात ठेवावे. केंद्र सरकारने २०१७ मध्ये 'दीक्षा' सुरू केले, पाठ्यपुस्तकांवर क्यूआर कोड आले, २०२० च्या टाळेबंदीत पाठ व्हॉट्सअॅपवरून घरोघरी गेले. ग्रामीण मुलांच्या 'असर' पाहणीत घरी स्मार्टफोन असणाऱ्या मुलांचे प्रमाण २०१८ मध्ये ३६.५ टक्के होते, ते २०२१ मध्ये ६७.६ टक्के झाले. पण अशा घरांतल्याही २६.१ टक्के मुलांना तो फोन वापरायला मिळत नव्हता. फोन घरात असणे, तो मुलाच्या हातात येणे आणि त्यावर मूल काही शिकणे या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. पहिली मोजणे सोपे, म्हणून बहुधा तीच मोजली जाते.

मग शिक्षकाने काय करावे? आमची सूचना साधी आहे. आधी सेल, बल्ब आणि एकच तार मुलांच्या हाती द्या आणि दिवा लावायला सांगा. धडपडू द्या. कोणकोणत्या जोडण्या फसल्या त्यांची चित्रे फळ्यावर काढून घ्या. मग पडद्यावर जा, आणि कळ दाबण्याआधी प्रत्येक वेळी विचारा, "काय होईल? का?" उत्तर वहीत लिहून घेतल्याशिवाय कळ दाबू नका. शेवटी पुन्हा खऱ्या साहित्याकडे या आणि दोहोंत फरक कुठे पडला ते मुलांनाच शोधू द्या. पडदा एकच असेल तर माऊस स्वतःच्या हातात ठेवण्याचा मोह टाळा. तो मुलांकडे गेला नाही तर सिम्युलेशन आणि सिनेमा यांत फरक राहत नाही.

फेटचा संच आम्ही स्वतः वापरतो आणि वापरावा असे आवर्जून सांगतो. पण त्यासाठी कपाटाला कुलूप लावण्याची गरज नाही. त्या दिवशी प्रश्न विचारणाऱ्या मुलीला आम्ही उत्तर दिले नाही. पडद्यावरची तार आणि हातातली तार नीट पाहून त्यांत काय वेगळे आहे, एवढेच शोधायला सांगितले. थोड्या वेळाने तिने तारेचे टोक दातांनी सोलले (हे करू नये, हे अर्थातच तिला सांगितले!) आणि बल्ब लागला.