‘समुपदेशक’ : संज्ञा, शिक्षण आणि परवाना

एखाद्या व्यवसायाला नाव मिळणे व त्या नावाला निश्चित अर्थ मिळणे, या दोन गोष्टी नेहमीच बरोबर घडतात असे नाही. ‘वकील’ या शब्दामागे सनद उभी आहे. ‘डॉक्टर’ या शब्दामागे वैद्यक परिषदेची नोंदणी आहे. ‘समुपदेशक’ या शब्दामागे काय आहे, असा प्रश्न केल्यास त्याचे एकच एक उत्तर आज देता येत नाही. शाळेत व्यवसायमार्गदर्शन करणारा, शासकीय रुग्णालयात एच्. आय्. व्ही. तपासणीपूर्वी रुग्णाशी बोलणारा, कौटुंबिक न्यायालयात पतिपत्नींचे म्हणणे ऐकून घेणारा, प्रवेशाच्या दिवसांत महाविद्यालयांची यादी समजावून देणारा आणि चार आठवड्यांचा वर्ग पुरा करून दारावर पाटी लावणारा, हे सर्व समुपदेशकच होत. ही सैल व्याप्ती केवळ कोशकारांची अडचण असती, तर तिची चर्चा परिभाषेपुरतीच राहिली असती. परंतु कायदा व न्यायालये या शब्दाच्या आधारे आता कर्तव्ये नेमून देऊ लागली आहेत. आणि महानगरातील सोयी जेथे नाहीत, तेथे या सैलपणाचा तोटा गरजू माणसाला सोसावा लागतो. महाड व पोलादपूर या रायगड जिल्ह्यातील दोन तालुक्यांच्या संदर्भात ही गोष्ट तपासून पाहण्यासारखी आहे.

प्रथम शब्दाचाच विचार करू जाता असे दिसते की, ‘समुपदेशन’ या शब्दात ‘सम्’ व ‘उप’ हे दोन उपसर्ग ‘दिश्’ या धातूला लागले आहेत. ‘दिश्’ म्हणजे दाखविणे. आदेश, निर्देश, संदेश, उपदेश ही सर्व एकाच कुळातील नावे. आणि या सर्वांत सांगणारा एक व ऐकणारा दुसरा, असा संबंध गृहीत आहे. मराठी भाषकाच्या कानाला यांतील ‘उपदेश’ अधिक परिचित, आणि उपदेशाचे डोस पाजणाऱ्याविषयी त्याला फारसे प्रेम नाही. उलट, या व्यवसायाच्या शिक्षणातील पहिला पाठ ऐकण्याचा असतो. सांगण्याची घाई करू नये, निर्णय समोरच्या व्यक्तीला घेऊ द्यावा, हा त्यातील मुख्य संस्कार. म्हणजे संज्ञा एक सुचविते आणि शास्त्र दुसरेच मागते. रूढ झालेला शब्द बदलावा असे येथे सुचवावयाचे नाही. मात्र ज्याला शिक्षण नाही, तो शब्दाच्या वरवरच्या अर्थालाच व्यवसाय समजण्याचा संभव मोठा आहे, एवढे ध्यानात घ्यावयास हवे.

आता कायद्याकडे वळावे. १९८४ चा कौटुंबिक न्यायालय अधिनियम समुपदेशकांची तरतूद करतो. २००५ चा कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांच्या संरक्षणाचा अधिनियम दंडाधिकाऱ्याला समुपदेशनाचा आदेश देण्याचा अधिकार देतो. तथापि या तरतुदी त्या त्या न्यायालयाच्या कामापुरत्या आहेत. त्यांनी व्यवसायाची सर्वसाधारण व्याख्या केलेली नाही. १९९२ च्या भारतीय पुनर्वास परिषद अधिनियमाने चिकित्सा-मानसशास्त्रज्ञाला नोंदणी सक्तीची केली आणि नोंदणीवाचून काम करणाऱ्यास शिक्षा सांगितली. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियमाने मनोविकारतज्ज्ञ, चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ, मानसिक आरोग्य परिचारिका व मनोविकार सामाजिक कार्यकर्ता यांना निश्चित स्थान दिले. त्या परिगणनेत समुपदेशक नाही. २०२१ च्या राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग अधिनियमाच्या अनुसूचीत तो प्रथमच आला, पण एकटा आला नाही. ‘वर्तन आरोग्य विज्ञान’ या वर्गात मानसशास्त्रज्ञ, एकात्मिक वर्तन आरोग्य समुपदेशक, रोगविषयक समुपदेशक, एच्. आय्. व्ही. अथवा कुटुंबनियोजन समुपदेशक आणि मानसिक आरोग्य साहाय्यक असे निरनिराळे घटक आहेत. आरोग्यसेवा व्यावसायिकाच्या पदवीसाठी किमान ३,६०० तास आणि संलग्न व्यावसायिकाच्या पदविकेसाठी वा पदवीसाठी किमान २,००० तास, अशी मर्यादाही या अधिनियमाने घातली आहे. अनुसूचीतील हे भेद महत्त्वाचे आहेत. दुर्दैवाने बोलण्यात, जाहिरातीत व दारावरच्या पाटीवर ते सर्व पुसले जाऊन ‘समुपदेशक’ एवढाच शब्द उरतो.

अन्य देशांतील स्थिती या दृष्टीने उद्बोधक आहे. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्याने १९७६ मध्ये समुपदेशकाच्या परवान्याचा कायदा प्रथम केला, आणि सर्व राज्यांची साखळी पूर्ण होण्यास २००९ साल उजाडले. पदव्युत्तर पदवी, ज्येष्ठ व्यावसायिकाच्या देखरेखीखालील दीर्घ काम व परीक्षा, अशा तीन पायऱ्या तेथे मान्य झाल्या आहेत. इंग्लंडमध्ये मात्र या उपाधीला अद्याप कायद्याचे संरक्षण नाही. व्यवसायसंघांच्या ऐच्छिक नोंदवहीवर तेथे भिस्त आहे. तेव्हा हा प्रश्न केवळ मागासलेपणाचा नाही. शब्द खुला ठेवावा की राखून ठेवावा, हा धोरणाचा प्रश्न आहे.

भारतात या प्रश्नाला निकड आली ती २५ जुलै २०२५ रोजी. विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याविषयी सर्वोच्च न्यायालयाने त्या दिवशी दिलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, १०० वा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने किमान एक अर्हताप्राप्त समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ अथवा सामाजिक कार्यकर्ता नेमावयाचा आहे. लहान संस्थांनी बाहेरील व्यावसायिकांशी रीतसर संबंध जोडावयाचा आहे. १०० विद्यार्थ्यांची मर्यादा तालुक्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयाला आणि कित्येक माध्यमिक शाळांना सहज लागू पडते. आदेश योग्यच आहे. परंतु ‘अर्हताप्राप्त’ हे विशेषण ज्या नामाला लागले, त्या नामाची अर्हता कागदावर पुरती ठरलेली नाही. अशा वेळी मुख्याध्यापकाने वा प्राचार्याने काय पाहून नेमणूक करावी? पदवी पाहावी, पदविका पाहावी, की प्रमाणपत्राची चौकट?

पोलादपूरच्या एखाद्या विद्यार्थिनीने ही अर्हता मिळवावयाची म्हटले, तर तिच्यापुढील वाट कशी आहे? मानसशास्त्राची पदवी, त्यानंतर मुंबई वा पुण्यासारख्या शहरी दोन वर्षांची एम्. ए. ही पदवी, आणि चिकित्सा-मानसशास्त्राकडे जावयाचे असल्यास त्यापुढील परिषदमान्य प्रशिक्षण. या शेवटच्या टप्प्यावरील एम्. फिल्. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ च्या नियमांनी बंद केली व या विषयापुरती २०२५-२६ पर्यंत मुदत वाढवून दिली. घर न सोडता शिकण्याचा मार्ग दूरशिक्षणाचा होता. २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्र दूरस्थ वा ऑनलाइन पद्धतीने शिकविण्यास आयोगाने मनाई केली. या निर्णयाचे समर्थन करता येते. माणसाशी बोलण्याची विद्या टपालाने येत नाही. परंतु त्याचा परिणाम सर्वांवर सारखा होत नाही. मुंबईत राहणाऱ्या विद्यार्थिनीला महाविद्यालय बदलावे लागेल. सुमारे पावणेदोनशे किलोमीटर अंतरावरील विद्यार्थिनीला घर, वसतिगृह व दोन वर्षांचा खर्च यांचा हिशेब मांडावा लागेल. खरी अर्हता अशी दुर्गम होत असता पाटी मात्र सर्वांना सुगम राहिली आहे. आजच्या व्यवस्थेतील मुख्य विसंगती ती हीच.

आणि येथील गरज काल्पनिक नाही. २४ ऑगस्ट २०२० रोजी महाड शहरात इमारत कोसळून १६ माणसे मृत्यू पावली. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळीये येथे दरड कोसळून ८० हून अधिक जीव गेले. त्याच अतिवृष्टीत पोलादपूर तालुक्यातही दरडींनी बळी घेतले. अशा आघातानंतर उरलेल्या माणसाशी कोणी, केव्हा व किती बोलावे, हे शास्त्राचे काम आहे. जो नुसता उपदेश करील, तो त्या माणसाच्या दुःखात भरच घालील.

याशिवाय एक बाब अशी आहे की जिचा उल्लेख वर चर्चिलेल्या एकाही अर्हतेत आढळत नाही. ती म्हणजे भाषा. उच्च शिक्षणातील ग्रंथ इंग्रजी, प्रश्नावल्या बहुधा इंग्रजीवरून भाषांतरित, आणि समोरचा माणूस मात्र “जिवाला चैन नाही”, “काही सुचत नाही”, “छातीवर दडपण येतं” असे म्हणणारा. इंग्रजीत अवस्था कर्त्याला चिकटते. मराठीत अनुभव घेणारा बहुधा चतुर्थीत येतो. ‘मला भीती वाटते’ या वाक्यात भीती हाच व्याकरणदृष्ट्या कर्ता आहे. ‘चिंता’ हा शब्द रोगवाचक म्हणून वापरावा, तर ज्या आईचा मुलगा मुंबईस चाकरीला आहे तिच्या दृष्टीने चिंता हे आईपणाचेच लक्षण. साठीच्या बाईला पंचविशीच्या समुपदेशिकेने ‘तुम्ही’ म्हणावे की ‘आजी’ म्हणावे, आणि बाईने तिला ‘बाळा’ म्हटल्यावर दोघींमधील व्यावसायिक अंतराचे काय करावे, हे इंग्रजीच्या एका ‘यू’वर वाढलेल्या पाठ्यपुस्तकात सापडणार नाही. ते देखरेखीखालील प्रत्यक्ष कामातच शिकावे लागते.

परवान्याची अट कडक केली तर तालुके रिकामे राहतील, असा आक्षेप यावर घेतला जाईल. तो निराधार नाही. परंतु त्याचे उत्तर २०२१ च्या अनुसूचीतच आहे: साहाय्यक व समुपदेशक हे दोन निरनिराळे दर्जे मानावेत व त्यांना मराठीत निरनिराळी नावे द्यावीत. धीर देणे, ऐकून घेणे आणि योग्य ठिकाणी पाठविणे, हे काम स्थानिक साहाय्यकाला अल्प प्रशिक्षणाने करता येईल. ‘समुपदेशक’ ही उपाधी नोंदणी झालेल्यासच वापरता यावी, आणि नोंदवही नागरिकाला मराठीत पाहता यावी. प्रशिक्षणातील देखरेखीखालील तासांपैकी काही भाग तालुक्याच्या शासकीय रुग्णालयात व शाळांत पुरा करण्याची सोय विद्यापीठांनी करावी. म्हणजे गावची विद्यार्थिनी गावाजवळ राहील आणि शहरची विद्यार्थिनी गावची भाषा ऐकेल. अर्हतेच्या परीक्षेत प्रादेशिक भाषेतील संभाषणाची कसोटी असावी, हे वेगळे सांगावयास नको.

सल्ला देणारी माणसे या तालुक्यांत कधीच कमी नव्हती. वडीलधारी माणसे, शिक्षक, गावचा भगत, सर्वांनी आपापल्या परीने ते काम केले आहे. नव्या व्यवसायाने त्यांच्याहून वेगळे काय आणले, हे शिक्षणाने सिद्ध व्हावे लागेल आणि परवान्याने ओळखू यावे लागेल. तोवर सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशातील ‘अर्हताप्राप्त’ या शब्दाचा अर्थ नेमणूक करणाराच ठरवीत राहील.