पाणीवाली बाई आणि आपली कादंबरी

राजकीय कादंबरीचा विषय निघाला की अरुण साधूंचे 'सिंहासन' आठवल्यावाचून राहत नाही. मुख्यमंत्री, अर्थमंत्री, कामगार पुढारी आणि हे सारे न्याहाळणारा दिगू टिपणीस! सत्तेची नाडी इतक्या जवळून मराठीत क्वचितच कोणी पाहिली असेल. पण वाचकहो, गंमत अशी की ही कादंबरी १९७७ सालची. आणि त्याच साली मुंबईने मृणाल गोरे व अहिल्या रांगणेकर या दोन बायका लोकसभेत पाठविल्या. 'सिंहासना'भोवती मात्र सत्तेची ओढाताण करणारे सारे पुरुषच. साधूंना मी दोष देत नाही. मंत्रालयात त्यांना दिसले ते त्यांनी लिहिले. त्यांच्यामागून आलेल्यांना मात्र हा प्रश्न विचारायलाच हवा.

मृणालताईंचेच आयुष्य घ्या. डॉक्टरकीचे शिक्षण सोडून त्या समाजवादी चळवळीत आल्या. १९५८ साली पती केशव गोरे गेले. पदरी लहान मुलगी. १९६१ मध्ये त्या मुंबई महापालिकेत निवडून आल्या, १९७२ मध्ये विधानसभेत. त्याच साली महागाईविरुद्ध बायकांच्या हाती लाटणी आली. पुढे आणीबाणी, भूमिगत जीवन, तुरुंग, आणि मग दिल्ली. तिथे देऊ केलेले आरोग्यमंत्रिपद त्यांनी नाकारले. हा नकार म्हणजे कादंबरीकाराला आयते मिळालेले प्रकरण! पण गौरवलेख तो 'त्याग' या एका शब्दात गुंडाळून मोकळे होतात. आरती ओवाळली की माणूस दिसेनासा होतो.

त्यांच्या 'पाणीवाली बाई' या नावाकडेही कोणी नीट पाहत नाही. दूधवाली, भाजीवाली, तशी ही पाणीवाली. नाव बाजारातले आहे, सभागृहातले नव्हे. ते लोकांनी दिले, आणि १९७७ च्या घोषणेत त्याच नावाने 'दिल्लीवाली बाई'शी सामना केला. पण या नावामागे आहे काय? कोरडा नळ, पहाटेची रांग, अर्ज, पुन्हा अर्ज, साहेबाच्या दारात बसून राहणे. हे लिहायला कंटाळवाणे खरेच. परंतु राजकारण म्हणतात ते बहुतांशी हेच असते, आणि हा कंटाळा वाचनीय करणे हेच लेखकाचे काम. सत्ताबदलाची रात्र काय, कोणीही रंगवील.

आमची नाकाडोंगरी मुंबईपासून फार लांब. मॅंगनीजच्या खाणींचा मुलूख. पण ७३ व्या घटनादुरुस्तीनंतर, म्हणजे १९९३ पासून, इकडेही बायका पंचायतीत बसतात. आता तर राज्यभर निम्म्या जागा त्यांच्या. मराठीने यावर एक शब्दही घडविला आहे: 'सरपंचपती'. ठरावावर सही बाईची, बोलणे नवऱ्याचे. एवढा बोलका शब्द हाती असताना आमची ग्रामीण कादंबरी अजून पाटलाच्या वाड्यातच घुटमळते, याला काय म्हणावे? वर्गातल्या मुली मजजवळ पुस्तके मागतात. राजकारणातली बाई म्हणून त्यांना द्यावी तर जिजाऊ, अहिल्यादेवी; म्हणजे तीनशे वर्षांची मजल मागे!

ही कादंबरी कोणी लिहिलीच, तर तिचा आरंभ लोकसभेत नसावा. १९६१ साल, गोरेगाव, नळाला पाणी नाही, आणि नुकती निवडून आलेली एक विधवा बाई बायकांना विचारते आहे, काल पाणी किती वाजता गेले?