नारोशंकराच्या घंटेचा कालनिर्णय

छत्रपती संभाजीनगराहून नाशिकास जाऊन आम्ही पंचवटीतील नारोशंकराची घंटा तिच्या तटावरील घंटाघरात अवलोकिली. देवालय सरदार नारोशंकर राजेबहादूर यांनी १७४७ त बांधविले. तस्मात् घंटाही तेव्हाचीच, असे अनुमान पाहणारा सहज करितो. ते ग्राह्य नव्हे. घंटेवर सन १७२१ आहे. म्हणजे ती देवालयाहून २६ वर्षांनी जुनी. मराठ्यांनी १७३९ त पोर्तुगीजांकडून वसई जिंकली, त्या विजयाची ही खूण, ही परंपरा या सनाशी जुळते. मेणवलीची १७०७ ची घंटाही तिला पुष्टी देते. परंतु सन जुळणे म्हणजे सिद्धी नव्हे. पोथीचा काळ कोणी रुमालावरून ठरवीत नाही. मग घंटेचा देवळावरून का ठरवावा? अक्षरे झिजण्यापूर्वी संग्राहकांनी तिचा ठसा घ्यावा, ही विनंती.