खडूचे वर्तुळ आणि गोंधळाची दिवटी

चिनी आख्यायिका मराठी रंगभूमीवर अवतरली ती थेट चीनमधून नव्हे, तर युरोपला वळसा घालून. चिं. त्र्यं. खानोलकर यांचे ‘अजब न्याय वर्तुळाचा’ हे नाटक याचे ठळक उदाहरण होय. बेर्टोल्ट ब्रेख्ट यांच्या ‘कॉकेशियन चॉक सर्कल’चे हे रूपांतर विजया मेहता यांनी, जर्मन दिग्दर्शक फ्रिट्झ बेनेविट्झ यांच्या सहकार्याने, १९७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत रंगमंचावर आणले. त्याचा विचार सामान्यतः ‘पाश्चात्त्य नाटकाचे देशीकरण’ या सदराखाली केला जातो. परंतु मूळ नाटकच जर एका पौर्वात्य कथेचे रूपांतर असेल, तर देशी काय झाले आणि परके काय उरले, हा प्रश्न पुन्हा मांडणे प्राप्त आहे. परभणी जिल्ह्यात आजवर चालत आलेली गोंधळाची परंपरा समोर ठेवली असता त्याचे उत्तर निराळ्या दिशेने मिळते.

मूळ चिनी नाटक युआन राजवटीतील (१२७१ ते १३६८) असून त्याचा कर्ता ली श्यिंग-ताओ मानला जातो. हाय-तांग ही धनिकाची दुसरी पत्नी. थोरली पत्नी पतीला विष देते, आळ हाय-तांगवर घालते आणि वारशाच्या लोभाने तिच्या मुलावरही हक्क सांगते. न्यायाधीश पाओ जमिनीवर खडूने वर्तुळ आखवतो, त्यात मूल उभे करवतो आणि दोघींना ते ओढावयास सांगतो. जिच्याने मुलाचा हात ओढवत नाही तीच आई. पाओ ही अकराव्या शतकातील ऐतिहासिक व्यक्ती. लोकमानसाने तिला निःस्पृह न्यायाची देवताच केले. पुढे १८३२ मध्ये स्तानिस्लास झ्यूल्यँ यांनी या नाटकाचा फ्रेंच अनुवाद केला, १९२५ मध्ये क्लाबुंड यांनी त्याला जर्मन रूप दिले आणि १९४४ मध्ये ब्रेख्टने ते हाती घेऊन निवाडाच उलटा केला. त्याच्या नाटकात मूल मिळते ते जन्मदात्रीला नव्हे, तर संकटात ते सांभाळणाऱ्या मोलकरणीला.

युरोपीय प्रेक्षक शलमोनाच्या निवाड्यावर वाढलेला. त्याला या उलथापालथीचा धक्का बसणे स्वाभाविक होते. मराठी प्रेक्षकाला तसा धक्का बसावा असे समजण्यास मात्र आधार नाही. जमिनीवर रेघ आखून मूल ओढावयास लावणारी कथा पाली महाउम्मग्ग जातकात पूर्वीपासून आहे, हा झाला एक भाग. त्याहून महत्त्वाचे असे की, सांभाळणारी तीच आई हा निर्णय या समाजाने यशोदेच्या बाबतीत केव्हाच दिलेला आहे आणि कर्णाच्या बाबतीत तर तो महाभारतातच नोंदला गेला आहे. उद्योगपर्वात कृष्ण कर्णाला त्याचे जन्मरहस्य सांगतो. त्यावर कर्ण राधेच्या वात्सल्याचा आणि तिने उपसलेल्या मलमूत्राचा दाखला देतो. चिनी नाटकात आणि ब्रेख्टच्याही नाटकात वर्तुळातले मूल मुकेच राहते. येथे ते मूल मोठे झालेले आहे आणि स्वतःचा निवाडा स्वतः करते. तुलनाकारांनी या भेदाकडे पुरेसे लक्ष दिलेले नाही.

हाच कर्ण गोंधळ्यांच्या जांभूळ आख्यानाच्या केंद्रस्थानी असतो, आणि तोही स्वतः अनुपस्थित राहून. द्रौपदीच्या मनात कर्णाविषयी उपजलेली अभिलाषा देठापासून तुटलेल्या जांभळाच्या कसोटीवर उघड होते. तिने सत्य उच्चारल्यावाचून फळ पुन्हा फांदीला लागत नाही. हाही न्यायनिवाडाच, न्यायाधीशाच्या जागी फळ आहे एवढेच. परभणीचे राजारामभाऊ कदम हे या विद्येचे विख्यात प्रतिनिधी. विठ्ठल उमप यांनी जांभूळ आख्यान नागर रंगमंचावर नेले.

दोन्ही परंपरांचे खरे नाते रचनेत आढळते. युआन नाटकात पात्र प्रवेश करताच आपले नाव, गाव आणि हेतू सांगते; गाणे एकाच प्रमुख पात्राकडे असते; नेपथ्य जवळजवळ नसते. गोंधळातही दिवटीच्या उजेडात, संबळ-तुणतुण्याच्या साथीने, नायक कथा सांगता सांगता द्रौपदी होतो आणि साथीदाराने आडवा प्रश्न टाकताच पुन्हा निवेदक होतो. १९३५ मध्ये मॉस्कोत मेइ लान-फांग यांचा अभिनय पाहून ब्रेख्टला जे गवसले, ते परभणीच्या अंगणात रात्रभर चालत आलेले होते. गोंधळ्याला त्याचे नवल वाटले नसते. म्हणून देशीकरणाचे श्रेय केवळ पोशाखाला, चालींना वा भाषेच्या ठसक्याला देणे अन्यायाचे आहे. कथा सांगणारा आणि कथा जगणारा यांतील अंतर उघडे ठेवण्याची सवय प्रेक्षकाला आधीच होती.

अशा रूपांतरातील धोकाही याच सवयीत आहे. ब्रेख्टचा आझदाक हा लाच खाणारा, मद्यपी न्यायाधीश. पाओचे ते सरळ विडंबन. लोकनाट्याच्या चौकटीत तो सहज सोंगाड्या होऊन बसतो. सोंगाड्याला प्रेक्षक आधीच क्षमा करून मोकळा झालेला असतो; त्यामुळे भ्रष्ट न्यायासनातूनच योग्य न्याय निघावा ही बोचणी हास्यात विरते. गोंधळातील साथीदाराचा विनोद या दृष्टीने अधिक कठोर म्हणावा लागेल, कारण तो कथेला अडवतो, उत्तर मागतो आणि मिळाल्याखेरीज पुढे जाऊ देत नाही.

ब्रेख्टच्या नाटकाला एक प्रस्तावनाप्रवेश आहे. एका खोऱ्यावर पूर्वीच्या शेळीपालकांचा हक्क की पाणी आणून तेथे फळबागा पिकवू पाहणाऱ्यांचा, असा तो तंटा आहे. इंग्रजीतील आरंभीच्या काही प्रयोगांनी हा प्रवेश वगळला. जायकवाडीचा डावा कालवा ज्या जिल्ह्यातून वाहतो, तेथील प्रेक्षकापुढे तो वगळणे म्हणजे मूल दाखवून वर्तुळ लपविण्यासारखे होईल. धरणाखाली गेलेली जमीन एकाची आणि भिजलेली दुसऱ्याची, हा हिशेब गोदाकाठाला ठाऊक आहे. आणि तेथे ब्रेख्टचा निवाडा कर्णाच्या उत्तराइतका सहज पटेल, असे म्हणता येत नाही.